मुलांचा ताबा व खावटी : घटस्फोटानंतरचे फेरफार (कोकण किनारा)

घटस्फोटाच्या वेळी अज्ञान (कायद्याने वयात न आलेल्या) मुलांचा ताबा, भेटीचे हक्क आणि खावटी (निर्वाहाचा खर्च) यांबाबत दिलेला आदेश परिस्थिती पालटल्यावर बदलून घेण्याची न्यायालयीन कार्यवाही. विवाहविच्छेदाचा हुकूमनामा अंतिम असतो. मुलांविषयीचा आदेश मात्र स्वभावतःच तात्पुरता असतो. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात (१९७३) हे तत्त्व मांडले आणि उभयपक्षी संमतीने झालेला आदेशही मुलाच्या कल्याणासाठी बदलता येतो असे म्हटले. पुढच्या निकालांनी त्याला दोन अटी जोडल्या : परिस्थितीत खरा बदल झाला पाहिजे आणि तो बदल मुलाच्या हिताच्या दृष्टीने महत्त्वाचा असला पाहिजे. केवळ एका पालकाचा पगार वाढला, एवढ्याने ताबा हलत नाही. खावटी मात्र वाढू शकते.

कल्याणतत्त्वाचा, म्हणजे मुलाचे हित सर्वांत वर मानण्याच्या तत्त्वाचा, उगम वादग्रस्त आहे. एक मत ते इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाच्या अधिकारातून सरळ आले असे मानते. मात्र मुंबई इलाख्यासाठीचा १८६४चा अज्ञानांविषयीचा अधिनियम मुख्यतः मालमत्तेच्या व्यवस्थेचा होता आणि १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमातही ‘कल्याण’ हा शब्द मुलाला लागू असलेल्या व्यक्तिगत कायद्याच्या चौकटीत येतो. कल्याण ‘सर्वोपरी’ असल्याचे स्पष्ट शब्द हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६च्या कलम १३मध्ये सापडतात. त्यामुळे इंग्रजी बीज आणि स्वातंत्र्योत्तर काळातील वाढ, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कोकणात खरा पेच पडतो तो अर्ज कोठे करायचा याचा. घटस्फोट मुंबईत व्हावा आणि आई मुलांना घेऊन चिपळूण, कणकवली किंवा वेंगुर्ल्याच्या माहेरी यावी, हा क्रम नित्याचा आहे. मुंबईच्या नोकरीवर गावचे घर चालण्याची रीत गिरण्यांच्या काळापासूनची. हिंदू विवाह अधिनियम, १९५५च्या कलम २६नुसार हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी आदेश देता, स्थगित करता वा बदलता येतात. म्हणून अर्ज मूळ न्यायालयातच करावा, असे एक मत आहे. दुसरे मत १८९०च्या अधिनियमाच्या कलम ९वर उभे आहे : मूल जिथे सामान्यतः राहते तेथील जिल्हा न्यायालयाला अधिकार आहे. सामान्य निवास हा पुष्कळसा वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालात सांगितले गेले. पहिल्या मताला कायद्याच्या शब्दांचा आधार आहे. पण ज्या शाळेत मूल शिकते, ज्या आजीच्या हाताखाली वाढते, तिथला पुरावा तिथेच मिळतो; मुलाला तारखेसाठी रात्रभर गाडीत बसवू नये, ही गोष्ट कायद्याच्या हेतूला जास्त धरून आहे. भांडणारे पालक अनेकदा दोन्हीकडे अर्ज करतात. मग प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्याकडे नेण्याच्या अर्जातच मुलाची एक-दोन इयत्ता निघून जाते, ही या विषयातली सर्वांत दुःखाची बाब आहे.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४नुसार दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत कुटुंब न्यायालय बंधनकारक आहे. रायगडपासून दक्षिणेला कोकणात असे एकही शहर नाही. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे हे काम दिवाणी व जिल्हा न्यायालयाकडे राहते. उच्च न्यायालयाच्या पातळीवर रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडले गेले. रायगड मुंबईकडेच राहिले.

तेरेखोल खाडी ओलांडली की कायदाच वेगळा. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१०चा घटस्फोटाचा हुकूम १९६१नंतरही चालू राहिले. जुन्या हुकुमाचा कल, ज्याच्या बाजूने घटस्फोट झाला त्या जोडीदाराकडे मुले देण्याचा होता. आजचा व्यवहार कल्याणतत्त्वाकडे झुकलेला आहे : मडगावच्या न्यायालयात उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पाच वर्षांखालील मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे दिला आणि आई अयोग्य असल्याचे दाखवण्याचा भार वडिलांवर टाकला.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी पंथाचे असल्याने मुस्लिम कायद्याच्या दुसऱ्या, हनफी पंथाचा नियम (मुलगा सात वर्षांचा होईतो, मुलगी वयात येईतो आईकडे) त्यांना जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. इंग्रजी अमदानीतील पाठ्यपुस्तके शाफींमध्ये मुलीचा ताबा लग्नापर्यंत आईकडे असल्याचे सांगतात. अभिजात शाफी मत मात्र समजत्या वयाच्या मुलालाच आई की वडील हे निवडू देते. दुसरे मत १८९०च्या अधिनियमातील तरतुदीशी, म्हणजे जाणत्या मुलाची पसंती विचारात घेण्याशी, सहज जुळते.

काडीमोड वा फारकतीने, म्हणजे रूढीनुसार न्यायालयाबाहेर झालेला विच्छेद, रूढी सिद्ध झाल्यास हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९मुळे मान्य ठरतो. पण बदलायला न्यायालयाचा आदेशच नसतो. तिथे ताब्याचा नवा अर्ज करावा लागतो. गावकीने ‘पोर बापाकडे’ असे ठरवले असले तरी ते न्यायालयाला बांधत नाही.

खावटीचा फेरफार तुलनेने सोपा आहे. खावटीचा आदेश बदलण्याविषयीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४६ म्हणून आले आहे (१ जुलै २०२४पासून). खावटी देवविणाऱ्या जुन्या कलम १२५मधील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली उठली. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. किनाऱ्यावर या प्रतिज्ञापत्राची कसोटी लागते. बोटीतला वाटा रोखीत मिळतो आणि पावसाळी बंदीत जून-जुलै कोरडे जातात. हापूसचे पैसे दोन-तीन महिन्यांत येतात. सामाईक सातबारावर दहा-बारा नावे असतात आणि प्रत्यक्ष आंब्याची कलमे एकच भाऊ राखतो. अशा ठिकाणी एका हंगामाऐवजी सबंध वर्षाची कमाई पाहून दरमहाचा आकडा काढणे हाच न्याय्य मार्ग वाटतो. आईने संमतिपत्रात ‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क संपत नाही. थकलेली रक्कम फौजदारी वॉरंटने वसूल करायची असल्यास ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

भेटीच्या आदेशांत मे महिन्याची सुटी, गौरी-गणपती आणि शिमगा यांची वाटणी स्पष्ट लिहून घेणे श्रेयस्कर. ‘सणासुदीला’ एवढाच शब्द ठेवला तर पुढच्या अर्जाचे कारण तोच ठरतो. पालक जहाजावर वा आखातात नोकरीला असेल तर प्रत्यक्ष भेटीऐवजी व्हिडिओ कॉलवर संपर्क मागता येतो. त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्यता दिली आहे.