मुंबई हायचं तेल आणि दोन कोटी वर्षांपूर्वीचा पाऊस

समुद्रात तेल सापडल्याची बातमी आली की तिच्यासोबत एक चित्र हमखास छापून येतं. वर निळं पाणी, खाली तपकिरी खडक, खडकाच्या पोटात काळ्या तेलाचं तळं आणि त्या तळ्यात सोडलेली नळी. चित्र देखणं असतं, पण साफ चुकीचं असतं. तेल गाळाच्या खडकाच्या आतच असतं, बहुतेकदा भिंगाशिवाय दिसणारही नाहीत इतक्या बारीक छिद्रांत. एक घनमीटर खडकात २० टक्के छिद्रं धरली तर जागा झाली २०० लिटरची, आणि तीही सगळी तेलाच्या वाट्याला येत नाही, कारण थोडं पाणी आधीपासूनच तिथे ठाण मांडून असतं.

मग ही छिद्रं आली कुठून? मला हा प्रश्न तेलापेक्षाही मोठा वाटतो, आणि त्याचं एक सुंदर उत्तर आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या वायव्येला साधारण १६० किलोमीटरवर, समुद्रतळाशी पाय रोवून उभ्या राहणाऱ्या ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या फलाटाने १९७४च्या फेब्रुवारीत तेल शोधलं; हेच मुंबई हाय तेलक्षेत्र. १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मुंबई हायचं बहुतांश तेल ‘एल-३’ नावाच्या चुनखडीत आहे. ही चुनखडी मायोसीन काळाच्या सुरुवातीची, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची.

सह्याद्रीतला आपला काळा बेसॉल्ट समुद्राखालीही पसरलेला आहे. या भागात त्याच्यावर आणि त्याहून जुन्या खडकांवर एक उंचवटा तयार झाला होता. उत्तरेकडच्या नद्यांचा गाळ बराचसा उत्तरेलाच, आज तापी-दमण म्हणतात त्या पट्ट्यात साचला. उंचवट्यावरचं पाणी उथळ, उबदार आणि बहुतेक काळ नितळ राहिलं. अशा पाण्यात शैवाल, शिंपले आणि फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव फोफावतात. त्यांचे सांगाडे आणि चुन्याचा चिखल साचत गेला. मधूनच पाणी गढुळलं की वर मातीचा पातळ थर बसायचा. ‘एल-३’ हा एकसंध दगड नाही. चुनखडीचे थर आणि त्यांच्यामध्ये शेलचे, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकाचे, पातळ पापुद्रे, अशी त्याची रचना आहे.

आता माझा आवडता भाग. मायोसीनमध्ये अंटार्क्टिकावर बर्फाची टोपी होतीच. ती वाढली की जगभर समुद्र खाली जायचा, आणि असे उथळ उंचवटे उघडे पडायचे. त्यांच्यावर पाऊस पडायचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुना विरघळवतं. पण सगळा चुना सारखा नसतो. पुष्कळ शिंपल्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं असतं, आणि आजूबाजूच्या बऱ्याच कणांत कॅल्साइट असतं. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण अणूंची मांडणी वेगळी. गोड्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट जास्त विरघळतं. गंमत अशी की अ‍ॅरागोनाइटच्या हिशेबाने जे पाणी जेमतेम संपृक्त असतं, ते कॅल्साइटच्या हिशेबाने अतिसंपृक्त असतं. म्हणून तेच पाणी इथे शिंपला खातं आणि वीतभर पुढे जाऊन कॅल्साइटचे स्फटिक टाकतं. शिंपला जातो, त्याच्या आकाराची पोकळी राहते.

हे प्रत्यक्ष पाहता येतं. विहिरीतून काढलेल्या कोअरच्या, म्हणजे खडकाच्या लांबट नमुन्याच्या, तुकड्यात निळा रंग मिसळलेलं रेझिन भरतात, त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. करड्या चिखलात शिंपल्याची रेखीव कमान दिसते, पण कवच नसतंच; तिथे नुसता निळा रंग. काही खडकांत कणांच्या फक्त खालच्या बाजूला कॅल्साइटची लोंबती दाढी दिसते. छिद्रांत हवा होती आणि पाणी थेंबाथेंबाने कणांखाली लटकत होतं, याची ती खूण. छिद्रं पूर्ण पाण्याखाली असती तर कॅल्साइटचा थर चहूबाजूंनी सारखा बसला असता. म्हणजे भूजलाची पातळी तेव्हा या कणाच्या वर होती की खाली, हे ही चकती सांगते! मातीतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये हलका कार्बन-१२ तुलनेने जास्त असतो, त्यामुळे या कॅल्साइटमधलं कार्बन-१३चं प्रमाण घटलेलं दिसलं, तर वर झाडंझुडपं उगवली होती याचा आणखी एक पुरावा मिळतो.

तेल मात्र इथे जन्मलं नाही. ते जास्त खोल, जास्त जुन्या शेलमध्ये गाडलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून उष्णतेने तयार झालं, वर सरकत आलं आणि मातीच्या अभेद्य थराखाली अडकलं. डायनोसॉरचा याच्याशी काही संबंध नाही. मुंबई हायचे खडक साचायला लागले तेव्हा ते कधीच संपले होते. आणि हातातली काडी वळली की खाली पाणी आहे असं सांगणाऱ्या पाणाड्यांनी तेलाच्या वाटेला न गेलेलंच बरं. इथे भूकंपलहरींचं सर्वेक्षण करूनही कोरडी विहीर निघते, आणि ती निघाली हे उघड मान्य करावं लागतं.

एवढं करून प्रश्न उरतो तो पार्यतेचा, म्हणजे खडकातून तेल किती सहज वाहतं याचा. आंबोळीला जाळी सुरेख पडली तरी आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतीलच असं नाही. शिंपल्यांच्या पोकळ्यांचंही तेच. सच्छिद्रता भरपूर, पण तेल हलेना, असे थर असतात. शेजारीच पावसाने वाटा मोकळ्या केलेला एखादा थर असा असतो की त्यातून तेल धो धो वाहतं. साठ्यातला दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडतात, तेव्हा ते नेमकं या सोप्या थरातून धावत विहिरीपर्यंत पोचतं, आणि घट्ट थरांतलं तेल जागच्या जागी राहतं. बातमीतला साठ्याचा मोठा आकडा बहुधा खडकात असलेल्या तेलाचा असतो. बाहेर येणारं तेल त्याचा एक भागच. म्हणून मुंबई हायमध्ये पुढे काही विहिरी खाली जाऊन आडव्या वळवल्या, काही मीटर जाडीच्या एकाच थरातून लांबवर नेलेल्या. कोणत्या थरातून न्यायचं, हे ठरवायला पुन्हा त्याच निळ्या चकत्या काढून बसावं लागतं.