'शी कॅन्स' का चालत नाही? इंग्रजी मोडल क्रियापदांची पार्श्वभूमी

'शी सिंग्ज' बरोबर, 'शी रीड्स' बरोबर, मग 'शी कॅन्स' का नाही? वर्गात हा प्रश्न आला की 'मोडलला (म्हणजे 'कॅन', 'मे', 'मस्ट' अशा क्षमता, शक्यता, बंधन दाखवणाऱ्या सहायक क्रियापदांना) एस लागत नाही' एवढंच उत्तर मिळतं. 'मस्ट'ला भूतकाळ नाही, 'टू कॅन' असं रूप होत नाही, हेही असंच पाठ करायचं. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण यातल्या बहुतेक नियमांमागे स्पष्ट कारणं आहेत आणि ती मुलांना सांगता येण्यासारखी आहेत.

इंग्रजी स्वतंत्र भाषा होण्याच्याही आधी, तिच्या जर्मानिक पूर्वज भाषेत (जिच्यातून जर्मनही आली), काही क्रियापदांची भूतकाळासारखी रूपं वर्तमानकाळासाठी वापरात आली. मराठी माणसाला हे पटकन उमगावं. 'कळलं मला' यातलं रूप भूतकाळाचं आहे, पण सांगायचं असतं ते आत्ताचं. 'कॅन', 'मे', 'शॅल' ही त्याच घडणीची क्रियापदं. इंग्रजीत 'ही सँग'ला एस लागत नाही, तसाच मुळात भूतकाळी असलेल्या 'ही कॅन'लाही लागत नाही. जर्मनमध्येही 'एर कान'ला इतर क्रियापदांसारखा प्रत्यय लागत नाही. 'विल' मात्र या कुळातलं नाही. त्याचा मूळ अर्थ 'इच्छिणे', आणि ते नंतर या पंगतीला येऊन बसलं.

जुनं भूतकाळी रूप असं वर्तमानात खर्ची पडल्यावर भूतकाळासाठी नवी रूपं घडवावी लागली : कुड, माइट, शुड. 'कुड'च्या स्पेलिंगमधला एल मुळातला नाही. 'शुड' आणि 'वुड'मधला एल 'शॅल' आणि 'विल'मधून आलेला, आणि त्यांच्या देखादेखी तो 'कुड'मध्येही शिरला. 'मस्ट'ची गंमत आणखी वेगळी. ते 'मोट' नावाच्या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. 'मोट' वापरातून गेलं आणि 'मस्ट' वर्तमानाचं काम करू लागलं. त्याला पुन्हा भूतकाळ मिळाला नाही, म्हणून तिथे 'हॅड टू' म्हणावं लागतं.

अर्थही बदलले. 'कॅन' म्हणजे आधी 'जाणणे'. संस्कृत 'ज्ञा' आणि आपलं 'जाणणे' ही त्याची दूरची भावंडं. पोहायचं कसं हे जो जाणतो त्याला पोहता येतं, इथून ते क्षमतेकडे आलं. 'मे'चा अर्थ होता 'अंगात बळ असणे'. 'माइट' हे सामर्थ्याचं नाम आजही आहे. 'शॅल' म्हणजे 'देणं लागणे'. बायबलच्या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या इंग्रजी भाषांतरात, लूकच्या शुभवर्तमानातला कारभारी ऋणकोला 'माझ्या धन्याचं तू किती देणं लागतोस?' असं विचारतो, तिथे हेच क्रियापद आहे. देण्यापासून कर्तव्य आणि कर्तव्यापासून भविष्यकाळ, असा त्याचा प्रवास झाला. मराठीतही 'लागणे' पैशांच्या देण्याला चालतं आणि 'जावं लागतं'मध्ये सक्तीलाही.

ही क्रियापदं पूर्वी इतरांसारखी 'टू'बरोबरही येत. सोळाव्या शतकात इंग्रज लेखक थॉमस मोरच्या लेखनात अशी रूपं सापडतात, पुढे ती प्रमाण इंग्रजीतून गेली. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल लागोपाठही येत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र 'माइट कुड' अशी जोडी आजही बोलली जाते.

इथवरचे नियम भाषेने स्वतः घडवले. 'आय शॅल, यू विल, ही विल' हा नियम मात्र पुस्तकातून पसरला. ऑक्सफर्डचे गणिती जॉन वॉलिस यांनी १६५३ साली परदेशी लोकांसाठी लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. प्रथमपुरुषी 'शॅल' नुसतं भविष्य सांगतं आणि 'विल' वचन किंवा धमकी देतं, द्वितीय-तृतीयपुरुषी याच्या उलट, असं त्यांनी त्यात नोंदवलं. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ते आणखी आवळलं आणि शालेय पुस्तकांनी सगळीकडे नेलं. १९२५ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी इंग्रजी आणि अमेरिकी नाटकांतले संवाद तपासले, तेव्हा प्रत्यक्ष वापर या नियमाप्रमाणे चालत नसल्याचं दिसलं. तरीही आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी हा तक्ता घोकला. आता बारावीच्या कृतिपत्रिकेत शक्यता, बंधन, सल्ला असा अर्थ देऊन योग्य मोडल वापरायला सांगतात, हे मला कितीतरी बरं वाटतं.

बोलण्यातून 'शॅल' ओसरलं, पण कायद्यात टिकलं. भारतीय संविधानाचं कलम १४ 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' असं सुरू होतं. तिथे भविष्य वर्तवलेलं नाही, राज्यावर बंधन घातलेलं आहे, म्हणजे जुन्या 'देणं लागण्या'च्या जवळचाच अर्थ. एखाद्या कायद्यात 'मे' आहे म्हणून ती तरतूद ऐच्छिक, की 'शॅल' आहे म्हणून बंधनकारक, यावर आपल्या न्यायालयांत आजही युक्तिवाद होतात. आणि कायद्याचा हेतू पाहून न्यायाधीशांनी 'मे' बंधनकारक ठरवल्याची उदाहरणं आहेत, तशी 'शॅल' ऐच्छिक ठरवल्याचीही.