एक प्रोसेस, अनेक मॉड्यूल, एकच ओपनएसएसएल : पार्श्वभूमी

अपाचीसारख्या मॉड्यूलर वेब सर्व्हरमध्ये एन्क्रिप्शनचं काम फक्त मॉड-एसएसएल हे मॉड्यूलच करत असतं असं नाही. त्याच प्रोसेसमध्ये पीएचपी असेल तर त्याचं ओपनएसएसएल एक्स्टेंशन येतं, त्याच्यामागून कर्ल (नेटवर्कवरून डेटा आणणारी लायब्ररी) येतं, पोस्टग्रेस डेटाबेसची क्लायंट लायब्ररी येते आणि बहुतेक वेळा हे सगळे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या लिबक्रिप्टो या फाइलवरच येऊन टेकतात. फाइल सामायिक असल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लायब्ररीतली ग्लोबल माहिती सामायिक असल्यामुळे.

एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएली या लायब्ररीतून डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएल निघालं. मॉड-एसएसएल राल्फ एंगेलशाल यांनी त्याच वर्षी आणलं होतं, पण अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांमुळे ते अपाचीच्या बाहेरच राहिलं. २००० मध्ये निर्बंध सैल झाले, आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीचं पेटंटही संपलं आणि अपाची २.० पासून ते मूळ सोर्समध्ये आलं.

ओपनएसएसएल १.०.२ पर्यंत थ्रेडसाठीचं लॉकिंग (दोन थ्रेडनी एकच माहिती एकाच वेळी बदलू नये म्हणूनचं कुलूप) लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतः पुरवायचं असे. त्यासाठी एक कॉलबॅक (लायब्ररीने गरजेच्या वेळी बोलवायचं फंक्शन) नोंदवायचा आणि ती जागा पूर्ण प्रोसेसमध्ये एकच. एका मॉड्यूलने नोंदवलेल्या कॉलबॅकवर दुसरं आपला कॉलबॅक लिहायचं. पुढे ते दुसरं मॉड्यूल मेमरीतून उतरवलं गेलं की पॉइंटर रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहायचा आणि नंतरच्या एखाद्या हँडशेकला (सुरक्षित कनेक्शन जुळवताना) सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोसेस क्रॅश. अपाची सुरू होताना कॉन्फिगरेशन दोनदा वाचतं, ग्रेसफुल रीस्टार्टलाही (चालू कनेक्शन न तोडता होणाऱ्या रीस्टार्टला) मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवतं. म्हणून असे क्रॅश नेमके रीलोडनंतर दिसत आणि चुकीच्या मॉड्यूलवर खापर फुटे.

ऑगस्ट २०१६ मधल्या १.१.० ने लॉकिंग आत घेतलं, इनिशियलायझेशन आपोआप केलं आणि लायब्ररी मेमरीतून उतरूच नये अशी सोयही केली. मात्र त्याच आवृत्तीत आतली स्ट्रक्चर बंद झाली. त्यांची फील्ड थेट वाचणारा कोड कंपाइल होईना, प्रत्येक प्रकल्पाला जुन्या-नव्या दोन्हींसाठी जोडकोड लिहावा लागला. २०१७ च्या डेबियन ९ मध्ये १.०.२ आणि १.१ शेजारी शेजारी होत्या. स्वतंत्र प्रोग्रॅमना ते चालतं. एकाच प्रोसेसमधल्या दोन मॉड्यूलनी वेगवेगळ्या आवृत्त्या ओढल्या आणि सिम्बॉलना (फंक्शनांच्या नावांना) आवृत्तीची खूण नसली, तर लोडर आधी सापडलेल्या लायब्ररीतलं फंक्शन जोडतो. जुन्या मांडणीचं स्ट्रक्चर नव्या कोडच्या हाती पडलं की मेमरी बिघडते.

मग प्रत्येक मॉड्यूलमध्ये लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे तिची स्वतंत्र प्रत आत घालून, का जोडू नये? एप्रिल २०१४ मधल्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या सुरक्षा त्रुटीने त्याची किंमत दाखवली. सामायिक फाइल बदलून सर्व्हर रीस्टार्ट केला की १.०.१जी मधली दुरुस्ती सगळ्यांना मिळत होती; स्टॅटिक प्रती मात्र एकेक शोधून पुन्हा बांधाव्या लागल्या.

सप्टेंबर २०२१ मधल्या ३.० ने लायब्ररी कॉन्टेक्स्ट, म्हणजे लायब्ररीच्या माहितीचा स्वतंत्र कप्पा, आणला. मॉड्यूल आपले प्रोव्हायडर (अल्गोरिदम पुरवणारे भाग) आणि सेटिंग वेगळी ठेवू शकतं. अर्थात कोडने तो कॉन्टेक्स्ट स्वतः वापरला तरच. नाहीतर सगळे पुन्हा डीफॉल्टमध्येच. जीपीएल परवान्याच्या मुक्त प्रकल्पांना अडणारा जुना परवाना जाऊन अपाची परवाना २.० आला तोही याच आवृत्तीत.

एरर क्यू (चुकांच्या नोंदींची रांग) मात्र अजून थ्रेडनिहाय सामायिक आहे. एका मॉड्यूलने मागे ठेवलेली चूक दुसऱ्याच्या सुरळीत रीडवर चिकटते आणि कनेक्शन विनाकारण तुटतं. म्हणून प्रत्येक टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या) रीड-राइटच्या आधी क्यू साफ करावीच.

तपासताना आधी प्रत्येक मॉड्यूलच्या एसओ फाइलवर एलडीडी (फाइल कोणत्या लायब्ररी वापरते ते दाखवणारी कमांड) चालवावं, पण तेवढ्यावर थांबू नये. चालू प्रोसेसची मॅप्स फाइल (मेमरीत चढलेल्या फाइलींची यादी) वाचावी, कारण डीएलओपनने (चालू असताना लायब्ररी चढवणाऱ्या फंक्शनने) नंतर आलेलं तिथेच दिसतं. लिबक्रिप्टोच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर सगळी मॉड्यूल एकाच आवृत्तीवर, एकाच फेरीत बांधावीत. नावापुढे ‘डिलिटेड’ असेल तर फाइल बदलली आहे पण प्रोसेस जुनीच प्रत वापरते आहे. अशा वेळी ग्रेसफुल रीस्टार्टवर विसंबू नये, सर्व्हर पूर्ण थांबवून सुरू करावा.