घड्याळ ठोके मोजतं म्हणजे काय मोजतं?

शिवाजी पार्कात सकाळी चालायला येणाऱ्यांच्या गप्पांत साखर आणि रक्तदाबाच्या जोडीला आता आणखी एक आकडा आला आहे. आरामात चाललेलं असताना, कधी नुसतं कट्ट्यावर बसलेलं असताना, मनगटावरचं घड्याळ एकदम १६०-१७० ठोके दाखवतं आणि मिनिटाभरात पुन्हा ८५ वर येतं. माणूस घाबरतो. कुणी त्याच दिवशी ईसीजी काढून येतो, तो नॉर्मल निघतो, आणि शंका मनात तशीच राहते. या भीतीला कमी लेखू नये. पण हा आकडा येतो कुठून, ते आधी कळायला हवं.

हृदयाचे ठोके थेट नोंदवायचे तर त्याची वीज पकडावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी ते करून दाखवलं आणि १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्या ईसीजीसाठी रुग्णाला यंत्रापाशी जावं लागे. अधूनमधून येणारी धडधड नेमकी तपासणीच्या वेळी कशी यावी? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर याच प्रश्नामागे लागले. १९४० च्या दशकातलं त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आज डॉक्टर २४ तासांसाठी जे छोटं 'होल्टर' लावून घरी पाठवतात, त्याचं नाव त्यांच्यावरूनच आलं.

खेळाडूंपर्यंत ही गोष्ट फिनलंडमधून आली. सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीचा पट्टा व मनगटावरचं घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारात आणली. तिथेही पट्टा हृदयाची वीजच पकडत होता, घड्याळ फक्त आकडा दाखवत होतं. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ठोके बघत पळायचं तर असा पट्टाच बांधावा लागे. दमट हवेत, घामाने चिंब झालेल्या बनियनखाली तो काचत असणार हे सांगायला नको.

मनगटाची वाट मात्र वेगळ्याच शोधातून निघाली. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात बोटांवर प्रकाश टाकून त्वचेतल्या रक्ताचं कमीजास्त होणं नोंदवलं. याच तत्त्वावर पुढे १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटर घडवला. कोविडच्या काळात तो घराघरांत पोचला. त्यात बोट घालून आपण हात हलवत नव्हतो, हे इथे लक्षात ठेवावं.

घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा दिवा हेच करतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी त्वचेतलं रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित घटतो आणि या चढउतारांवरून ठोके काढले जातात. वैद्य नाडी बघतात ती अंगठ्याच्या बाजूला, धमनीवर. घड्याळ मनगटाच्या वरच्या बाजूला बसतं, जिथे त्याला फक्त बारीक रक्तवाहिन्या मिळतात. जसजशी सोय वाढली, तसतसं मोजमाप हृदयापासून लांब गेलं. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

हात हलला की त्वचा, पट्टा आणि रक्त सगळंच हलतं, आणि ही हालचाल ठोक्याच्या खुणेपेक्षा सहज मोठी ठरते. ती वजा करायला घड्याळात हालचाल मोजणारा सेन्सर असतो. पण हालचाल लयीत असेल तर हिशेब फसतो. पळताना पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. मरीन ड्राइव्हवर हळू पळणाऱ्याचे खरे ठोके १३० असताना घड्याळ १७० सांगतं, ते पुष्कळदा त्याची पावलंच मोजत असतं. सैल पट्टा, घाम, मनगटावरचा टॅटू, लोकलमध्ये कडी घट्ट धरून वाकलेलं मनगट यांनीही आकडा बिघडू शकतो.

२०१५ च्या सुमारास ही घड्याळं सर्रास झाली आणि लगेच वादही सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांनी, व्यायामाच्या वेळी आकडे चुकतात म्हणून अशी घड्याळं बनवणाऱ्या फिटबिट कंपनीवर दावा लावला. मग २०१८ मध्ये ॲपलने घड्याळातच ईसीजी दिला, म्हणजे वीज पुन्हा मनगटावर आली. पण तोही आपोआप चालत नाही. दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद टेकवून स्थिर बसावं लागतं.

तरीही प्रत्येक उसळीला यंत्राची चूक म्हणणं धोक्याचं आहे. ॲपलचं घड्याळ वापरणाऱ्यांच्या एका पाहणीत ४ लाखांहून अधिक लोक होते. त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना आली, आणि त्यानंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, खरोखर सापडलं. आपल्याकडे आणखीही कारणं आहेत. मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही, शरीर थंड राखायला रक्त त्वचेकडे वळतं, पाणी कमी पडतं आणि त्याच वेगाने चालताना ठोके खरंच चढतात. थायरॉईड किंवा ताप यांनीही ते वाढतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. स्टेशनचा पूल चढताना एखादीच्या घड्याळात १५० दिसले, तर घड्याळाला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं.

आकडा उसळला की थांबावं, दोन बोटं अंगठ्याखालच्या नाडीवर ठेवून ३० सेकंद मोजावं आणि दुप्पट करावं. नाडी ८० आणि घड्याळ १६५ म्हणत असेल तर पट्टा आवळून पुन्हा बघावं. नाडीही तितकीच धावत असेल, धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर वेळ लिहून ठेवून डॉक्टरकडे जावं आणि होल्टरबद्दल विचारावं. छातीत दुखणं, श्वास लागणं किंवा भोवळ सोबत असेल तर मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.