टेहळणीचा मनोरा की पाईप वाळवायचा?

सिंगापूरच्या हिल स्ट्रीटवर लाल विटा आणि पांढऱ्या गिलाव्याच्या पट्ट्यांची एक देखणी इमारत आहे. ते सेंट्रल फायर स्टेशन. १९०९ पासून तिथून बंब निघतात, आजही निघतात. या लाल-पांढऱ्या शैलीला इंग्रजांनी 'रक्त आणि बँडेज' असं टोपणनाव दिलं होतं. पण आपले लोक तिथे गेले की फोटो काढतात तो मनोऱ्याचा, आणि सोबतच्यांना सांगतात, "यावरून आग कुठे लागलीय ते बघायचे." हे खरं आहे, पण अर्धंच. जुन्या अग्निशमन केंद्रांच्या मनोऱ्यांमध्ये दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते.

निव्वळ टेहळणीचा मनोरा बघायचा तर इस्तंबूलचा बेयाझित मनोरा बघावा. लाकडी घरांचं ते शहर पुन्हा पुन्हा जळायचं. आधीचे लाकडी मनोरे स्वतःच जळून गेले, तेव्हा सुलतान दुसऱ्या महमूदने १८२८ मध्ये हा दगडी मनोरा बांधवला. उंची ८५ मीटर. वर पहारेकरी असत. आग दिसली की ती कुठल्या भागात आहे हे ते दिवसा टोपल्या टांगून आणि रात्री कंदील लावून कळवत. अशा मनोऱ्याचं सगळं महत्त्व माथ्याला असतं. चारी दिशांना उघडा सज्जा किंवा खिडक्या हव्यात आणि आजूबाजूच्या छपरांच्या वर डोकं निघायला हवं. खालचा भाग म्हणजे फक्त वर जायचा जिना. त्याला बंबांच्या शेजारी उभं राहायचीही गरज नाही.

दुसरा मनोरा पाईप वाळवायचा. याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी बंबाचे पाईप कॅनव्हासचे असत, म्हणजे अंबाडीसारख्या धाग्याचे किंवा सुती. आग विझवून परत आलं की ते चिंब भिजलेले, चिखलाने माखलेले असत. तसेच गुंडाळून ठेवले तर बुरशी धरायची, धागा कुजायचा आणि पुढच्या आगीच्या वेळी ऐन दाबाखाली पाईप फाटायचा. म्हणजे पाईप धुणं आणि पूर्ण वाळवणं हा आग विझवण्याच्या कामाचाच भाग होता. पंधरा मीटरचा पाईप आडवा पसरायला अंगण लागतं, आणि घडी पडली की तिथे पाणी साचतं. उपाय एकच: उभा टांगायचा. कप्पीवरून दोर ओढून पाईप वर चढवायचा, पाणी आपसूक खाली निथळतं आणि वारा त्याला हळूहळू सुकवतो. मनोऱ्याची उंची दृश्यावरून ठरत नव्हती, पाईपच्या लांबीवरून ठरत होती. मधोमध दुमडून टांगायचा तर निम्मी उंची पुरे, अखंड टांगायचा तर पूर्ण हवी.

म्हणून या मनोऱ्याचं महत्त्व आतल्या पोकळीला. वर आडव्या तुळया, आकडे, कप्प्या. तळाला पाणी वाहून जायला उतार आणि मोरी. भिंतीत वारा खेळायला अरुंद झडपा. बाहेरून बघणाऱ्याला लांबच लांब, जवळपास कोरी भिंत दिसते.

मग सिंगापूरचा मनोरा कुठला? दोन्ही. त्यात पाईप वाळत आणि त्यावरून पहाराही होत असे, कारण तेव्हा भोवतालच्या इमारती दोन-तीन मजल्यांच्याच होत्या. वर्षभर पाऊस आणि दमट हवा असलेल्या त्या गावात पाईप जमिनीवर कसे वाळले असते, हा विचार केला की त्या उंचीचा अर्थ लागतो. गल्लत होते ती अशा जोड-मनोऱ्यांमुळेच.

दोघांचा काळ मात्र वेगवेगळ्या कारणांनी संपला. टेहळणीला आधी तारायंत्राने आणि मग टेलिफोनने निवृत्त केलं. आगीची वर्दी तारेने देणारी नगरव्यवस्था बोस्टनमध्ये १८५२ मध्येच सुरू झाली होती. पाईप वाळवायचे मनोरे त्यानंतरही खूप वर्षं टिकले. न कुजणाऱ्या कृत्रिम धाग्याचे पाईप आणि गरम हवेची वाळवणी कपाटं आल्यावरच त्यांची गरज सरली.

हा फरक जपणुकीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. वारसा म्हटलं की डोळा माथ्याकडे जातो. सज्जा, कठडा, घड्याळ असेल तर घड्याळ, सगळं नीट दुरुस्त होतं. आणि आतली पोकळी ही फुकट गेलेली जागा वाटून तिथे लिफ्ट बसवायचा किंवा मजले घालायचा मोह होतो. गंजलेले आकडे भंगारात जातात. माझ्या मते तो मनोरा तेव्हाच मेला, बाहेरून कितीही रंगवला तरी. सेंट्रल फायर स्टेशनला १९९८ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये तिथे दलाचा इतिहास सांगणारं दालन सुरू झालं. त्या मनोऱ्याखाली उभे राहाल तेव्हा आधी माथ्याकडे बघू नका. मधल्या भिंतीवर नजर ठेवा आणि तिच्यामागे टांगलेले, निथळणारे पाईप डोळ्यांसमोर आणा.