वाखाचा कासरा: बांधावरच्या घायपातीची पार्श्वभूमी

पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या डोंगराकडे जाताना माळाच्या बांधावर जाड, राखी-हिरव्या पानांचा झुबका दिसतो. प्रत्येक पानाच्या टोकाला सुईसारखा काटा. ही घायपात, कुणी केकताडही म्हणतं. पाणी मागत नाही, जनावर तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला लावलेली.

इतकी अंगवळणी पडलीय की ती इथलीच वाटते. पण शिलाहार राजा दुसरा भोज पन्हाळ्यावर होता तेव्हा आपल्या मुलखात घायपातीचं पानही नव्हतं. तिचं माहेर मेक्सिको. १४९२ नंतर समुद्रमार्ग खुले झाले आणि पोर्तुगीजांच्या काळात ती इकडे पोचली. तांबड्या रश्श्यातली मिरचीही त्याच वाटेने आलेली, हे कोल्हापुरात जरा हळू आवाजात सांगावं लागतं.

माहेरी तिचा थाट वेगळा. तिथल्या डोंगराळ भागात पानांच्या धाग्यांपासून दोर, पिशव्या, कापडसुद्धा होई. काट्याची सुई होई. गाभा कोरला की गोड रस पाझरतो. ताजा असताना तो आपल्या नीरेसारखा, आंबला की ताडीसारखा. आंबलेल्या रसाला 'पुल्के' म्हणतात. वाहाका भागात पानं छाटून उरलेला गड्डा तापल्या दगडांच्या खड्ड्यात काही दिवस पुरून भाजतात आणि त्यापासून मेस्काल हे मद्य काढतात. अ‍ॅझ्टेक लोकांनी तर या झाडाला मायावेल नावाची देवीच मानली होती.

आपण तिचा रस काढला नाही, घेतला तो वाख. पानं कापून पाण्यात कुजत घालायची, मग दगडावर बडवून गर धुऊन काढायचा. त्या पाण्याने हाताला अशी खाज सुटते की काम करणाऱ्यालाच ठाऊक. राहतात ते पांढरे, लांब धागे. ते वाळवायचे, विंचरायचे आणि एकाने पीळ देत, दुसऱ्याने धागा पुरवत मागे सरकायचं. त्यातून दावं, कासरा, चऱ्हाट तयार होई.

बलुतेदारीत दोर वळणं आणि केरसुण्या बांधणं मातंग समाजाकडे होतं. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने. वाखाच्या दोराशिवाय ना बैल बांधता येई, ना गाडी जुंपता येई. कोल्हापूर भागात बेंदूर दोनदा येतो: ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. त्या दिवशी बैल धुऊन, शिंगं रंगवून त्याला नवी म्होरकी, नवा कासरा चढवायचा. बैलाला ओवाळलं जाई, पुरणपोळी चारली जाई. कासरा वळणाऱ्या हातांना मात्र उंबऱ्याबाहेरच थांबावं लागे. मेक्सिकोत झाडाला देवपण मिळालं. आपल्याकडे बैलाला मिळालं, आणि दोर वळणारा दोन्हीकडून वगळला गेला. बेंदराच्या आठवणी लिहिताना ही बाजू बहुतेक जण गाळतात.

नायलॉन आलं आणि हे काम मोडलं. नायलॉन भिजून कुजत नाही, स्वस्त पडतं. वाखाच्या दोराची पकड त्याला नाही, गाठ सुटते आणि ओढला की तळहात भाजतो. तरी बाजार त्याचाच. पुढे ट्रॅक्टर आले, बैलच कमी झाले. आता बेंदराआधी दुकानांत टांगलेल्या म्होरक्या गुलाबी-हिरव्या झगझगीत असतात.

बांधावरची पानं कापायला आता सहसा कुणी येत नाही. दहा-वीस वर्षं झाली की झुबक्याच्या मधून विजेच्या खांबासारखा दांडा उठतो, एकदाच फुलतो, आणि झाड तिथंच वाळून जातं. बुडाशी पिल्लं फुटलेली असतात.