वाडीला नळपाणी योजना हवी असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

‘आमच्या वाडीस पाणी मिळावे ही विनंती’, खाली वीस-पंचवीस सह्या. असा अर्ज आवक नोंदवहीत चढतो आणि तिथेच राहतो. जलजीवन मिशनमधली (ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्याचा केंद्राचा कार्यक्रम) योजना मागायची ती ग्रामपंचायतीने, आणि तीही ग्रामसभेच्या ठरावाने. हे मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. २०२४ ची मुदत टळल्यावर २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली.

पात्रतेचा भाग सोपा आहे. ग्रामीण भागातलं प्रत्येक घर पात्र आहे. उत्पन्नाची मर्यादा नाही, जातीची अट नाही, पिवळं-केशरी कार्ड बघत नाहीत. माणशी दिवसाला ५५ लिटर पिण्यायोग्य पाणी घरातल्या नळाला मिळायला हवं. अडचण वेगळीच असते. महसुली गाव एक, वाड्या सात-आठ, आणि गावठाणात नळ फिरला की कागदावर अख्खं गाव ‘झालं’ असं दिसतं. डोंगरउतारावरची धनगरवाडी किंवा पऱ्यापलीकडची (ओढ्यापलीकडची) बौद्धवाडी त्यात धरली आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत बघून घ्या. नसेल तर ठरावात वाडीचं नाव, घरांची संख्या आणि आजचं पाणी कुठून येतं ते स्पष्ट लिहून घ्या. ‘उर्वरित वाड्या’ एवढ्यावर समाधान मानू नका.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. त्याच ठरावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचाही उल्लेख असू द्या. समितीत निम्म्या महिला लागतात. ही समिती गाव कृती आराखडा करते आणि तो पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे जातो.

खरं काम उद्भवाचं आहे. उद्भव म्हणजे जिथून पाणी उचलायचं ती विहीर, झरा किंवा बोअर. कोकणातल्या जांभ्यातून (लाल सच्छिद्र दगडातून) पावसाचं पाणी भराभर झिरपून निघून जातं. जुलैत धो धो वाहणारा झरा मार्चात बोटाएवढा होतो. म्हणून मोजणी मे महिन्यातली हवी. पंधरा लिटरची बादली झऱ्याखाली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटात भरली तर दिवसाला २१,६०० लिटर. चाळीस घरं, दोनशे माणसं धरली तर गरज ११,००० लिटरची, म्हणजे रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तर भागतं. बादलीला दोन मिनिटं लागली तर १०,८०० लिटर, म्हणजे तुटलंच. झरा वाडीच्या वर असेल तर नैसर्गिक उताराने पाणी येतं, पंपाच्या वीजबिलाची कटकट राहत नाही. अशा वाडीने बोअरचा हट्ट धरू नये असं माझं मत. ही घरची मोजणी फक्त तुमच्या खात्रीसाठी. फायलीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा उद्भवाचा दाखला लागतो.

सोबत पाण्याचा तपासणी अहवाल जोडायचा. खाडीकाठच्या गावांनी क्लोराईडचा आकडा जरूर बघावा. लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत. विहीर मे अखेरीला मचूळ होत असेल तर नमुना तेव्हाचाच द्या.

आता जागा. योजना सगळ्यात जास्त अडकते ती इथे. विहिरीची आणि टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने व्हायला हवी, आणि त्यानंतर फेरफार. तोंडी ‘घ्या हो, पाण्याला कोण नाही म्हणतं’ चालत नाही. कोकणातला सातबारा म्हणजे पंचवीस-तीस सामाईक नावं. त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, आणि वारस नोंद झालेलीच नाही. म्हणून तलाठ्याकडे वारस नोंदी आधी सुरू करा आणि सह्यांसाठी मे महिना पकडा. चाकरमानी गावाला असतात, १ मेची ग्रामसभाही असते. ते हुकलं तर गणपती. ज्यांना येणं जमत नाही त्यांचं कुलमुखत्यारपत्र. पाइपलाइन ज्यांच्या जमिनीतून जाईल त्यांची संमतीपत्रं वेगळी, आणि रस्ता ओलांडायचा असेल तर तो ज्या खात्याचा असेल त्याची परवानगी.

सातबाऱ्यावर वनाचा शेरा असेल तर घाबरू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिनीसाठी वनजमीन देता येते. जागा १ हेक्टरपेक्षा कमी, तोडावी लागणारी झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस, या तीन अटी. अर्ज परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे द्यायचा, मंजुरी उपवनसंरक्षकाची.

लोकवर्गणी गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के, डोंगराळ-वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांत ५ टक्के. ती रोख, साहित्य किंवा श्रमदानातून देता येते. चर खणलात तर त्याची नोंद समितीच्या वहीत त्याच दिवशी करा.

घरगुती जोडणीला ग्रामपंचायतीचा नळजोडणी अर्ज, आधार आणि असेसमेंट उतारा किंवा घरपट्टीची पावती. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (कालपर्यंतचे ग्रामसेवक) आधीच विचारून ठेवा.

योजना होईपर्यंतचे उन्हाळे कसे काढायचे? टंचाई आराखड्यात वाडीचं नाव घालून घ्या. त्यातून विहिरीतला गाळ काढणं, जुन्या नळयोजनेची विशेष दुरुस्ती, खासगी विहीर अधिग्रहण आणि शेवटी टँकर मिळतो. ग्रामपंचायतीने प्रस्ताव दिल्यावर तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी होते, म्हणून विहीर आटण्याची वाट न बघता प्रस्ताव द्या.

काम संपल्यावर ‘हर घर जल’चा, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरी नळाने पाणी पोहोचलं असं प्रमाणित करणारा, ठराव ग्रामसभेसमोर येतो. त्याआधी वाडीतल्या सर्वांत वरच्या घराच्या नळाला पाणी येतं का, शाळा-अंगणवाडीत येतं का, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतं का, हे जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्या माणसाला) बरोबर घेऊन तपासा. त्रुटी असतील तर त्या ठरावातच लिहा आणि दुरुस्त होईपर्यंत प्रमाणित करू नका.